रॉकेलचं माहेर



आमच्या गटाच्या लोखंडी कपाटात, इतिवृत्ताच्या वह्यांच्या मागे, पत्र्याचं एक लिटरचं माप आणि एक नरसाळं ठेवलेलं आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाकडे रॉकेल वाटपाचा परवाना होता, तेव्हाचं ते. महिन्यातून एकदा टँकर यायचा. आम्ही आळीपाळीने बसायचो, रेशनकार्डावर नोंद करायची आणि माप भरून द्यायचं. संध्याकाळी घरी गेलं की पोरं नाक मुरडायची. भाकरीला वास लागू नये म्हणून आम्ही आधी राखेनं हात घासायचो, मग साबणानं. पुढे घरोघरी गॅस आला, कोटा कमी होत होत बंद झाला आणि परवान्याचा नुसता कागद उरला. माप मात्र टाकवलं नाही.

मागच्या महिन्यात कपाट आवरताना ते बाहेर निघालं, तेव्हा गटातल्या सगळ्यात वयस्क मावशींनी विचारलं, "हे तेल जमिनीतून पहिल्यांदा काढलं तरी कुणी?" आम्ही सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. इतकी वर्षं विकलं, आणि त्याचं माहेर कुठलं हे एकीलाही माहीत नाही! मग आम्ही वाचलं, एकमेकींना सांगितलं, आणि आज तुम्हांला सांगतोय.

आधी नावाचं बघू. पेट्रोलियम या शब्दाचा अर्थ खडकाचं तेल. इंग्रजीत त्याला रॉक ऑइल म्हणायचे, ते आपल्या तोंडात बसून रॉकेल झालं. गॅसलाइटचं घासलेट झालं. आणि मातीचं तेल या नावाला तर काही फोड करून सांगायलाच नको.

जमिनीतून आपोआप पाझरणारं तेल माणसाला फार जुन्या काळापासून माहीत होतं. पहिली विहीर कुणाची, यावर वेगवेगळ्या देशांची भांडणंही आहेत. बाकूचे लोक म्हणतात आमची, कॅनडावाले म्हणतात आमची, पोलंडचे लोक त्यांच्या लुकासिएविच नावाच्या औषधविक्याचं नाव घेतात, ज्याने १८५३ साली एका दवाखान्यात रॉकेलचा दिवा लावून दाखवला. सगळ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण ज्या विहिरीनंतर तेलाचा धंदा जगभर पसरला, ती विहीर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया राज्यात, टायटसव्हिल नावाच्या गावाजवळची. म्हणून आम्ही तिथलीच गोष्ट निवडली.

टायटसव्हिल हे लाकूड कापणाऱ्यांचं गाव. १८५९ साली वस्ती जेमतेम अडीचशेची. आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढी. गावाजवळून एक ओढा वाहतो, त्याचं नावच ऑइल क्रीक, म्हणजे तेलओढा. पाण्यावर तेलाचा तवंग असायचा. तिथले मूळचे रहिवासी, सेनेका लोक, पाण्यावर घोंगडी पसरून तो तवंग टिपून घ्यायचे आणि पिळून काढायचे. औषध म्हणून अंगाला चोळायचे. गोरे लोक आले, त्यांनीही तेच केलं. पिट्सबर्गच्या सॅम्युएल कीर नावाच्या माणसाच्या मिठाच्या विहिरींत खाऱ्या पाण्याबरोबर हे तेल वर यायचं. ते फेकायचं तरी कुठे? त्याने ते बाटल्यांत भरलं आणि सर्व रोगांवर औषध म्हणून पन्नास सेंटला एक बाटली अशी विक्री सुरू केली. आपल्या आठवडी बाजारात तेल विकणारे बसतात ना, संधिवातापासून टक्कलापर्यंत सगळ्यांवर एकच बाटली, तसंच.

त्या काळी दिवा कशाने लावायचे? आपल्याकडे करडई, करंज, एरंडीचं तेल. अमेरिकेत श्रीमंतांच्या घरी व्हेल माशाचं तेल, ते महाग होत चाललेलं. गरिबांच्या घरी चरबीची मेणबत्ती, नाहीतर टर्पेंटाइन आणि दारू मिसळून केलेलं एक तेल, जे कधी भडकेल त्याचा नेम नसायचा. दगडी कोळशापासूनही तेल काढत होते. म्हणजे रात्रीच्या उजेडाची सगळ्यांना गरज होती, आणि स्वस्त उजेड कुणाकडेच नव्हता.

जॉर्ज बिसेल नावाच्या वकिलाने या खडकतेलाची एक बाटली पाहिली आणि त्याच्या मनात आलं, हे अंगाला लावण्यापेक्षा दिव्यात का घालू नये? त्याने १८५४ साली कंपनी काढली आणि येल विद्यापीठातल्या बेंजामिन सिलिमन या प्राध्यापकांकडे तेल तपासायला दिलं. प्राध्यापकांनी तपासलं, अहवाल लिहिला आणि स्वतःजवळच ठेवून घेतला. आधी माझे पैसे, मग अहवाल! बिल होतं पाचशे सव्वीस डॉलर आणि आठ सेंट. हे वाचून आमच्या हिशेबनीसबाई खूश झाल्या. वरचे आठ सेंटही सोडले नाहीत, असा माणूस गटात पाहिजे म्हणाल्या. पैसे मिळाल्यावर १८५५ साली अहवाल बाहेर आला. या तेलातलं किमान निम्मं तरी उत्तम जळणारं दिव्याचं तेल होऊ शकतं, असं त्यात होतं.

पण तवंग टिपून किती तेल मिळणार? कंपनीतल्या लोकांना वाटलं, जमिनीत भोक पाडून बघावं. त्या कामासाठी न्यू हेवन शहरातले बँकवाले जेम्स टाउनसेंड यांनी एडविन ड्रेक याला निवडलं. ड्रेक पूर्वी रेल्वेत कंडक्टर होता. आजारपणामुळे नोकरी सुटलेली, वय अडतिशीच्या पुढे, शिक्षण बेताचं, तेलातलं तर ओ की ठो कळत नव्हतं. त्याची निवड झाली त्याचं एक कारण असं की त्याच्याकडे रेल्वेचा फुकट पास होता. येण्याजाण्याचा खर्च वाचला! टाउनसेंड यांनी अजून एक युक्ती केली. ड्रेक पोचायच्या आधीच त्याच्या नावे टायटसव्हिलला पत्रं पाठवली, त्यांवर पत्ता लिहिला, ‘कर्नल ई. एल. ड्रेक’. तो काही फौजेत नव्हता. पण गावाने त्याला कर्नल मानलं आणि तो मरेपर्यंत कर्नलच राहिला. गाडीवर पाटी लावून फिरणारे आपल्याला काही नवे नाहीत.

१८५८ साली ड्रेक बायकामुलांना घेऊन तिथे राहायला गेला. खोदायला माणूसच मिळेना. तेलासाठी भोक पाडायचं म्हटल्यावर लोकांना हा वेडा वाटायचा. शेवटी मिठाच्या विहिरी खोदणारा एक लोहार मिळाला, विल्यम स्मिथ. त्याला सगळे बिलीकाका म्हणायचे. रोज अडीच डॉलर मजुरी ठरली आणि त्यातच त्याच्या पंधरा वर्षांच्या पोराचं काम धरलेलं. बरोबर स्वयंपाकपाण्याला त्याची मुलगीही आली. मुलाची मजुरी बापाच्या मजुरीत तरी धरली, मुलीच्या भाकरीचा हिशेब कुठल्याच कागदात नाही. पुस्तकात तिच्यासाठी एक ओळ आहे, आम्ही ती दोनदा वाचली.

आता कामाचं ऐका. एक सहा अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन. त्याने एक जड लोखंडी छिन्नी दोराने वर उचलायची आणि सोडायची. दणका बसून खडक फुटायचा. पण अडचण वरच्या मातीतच आली. ओढ्याकाठची जमीन, भोक पाडलं की वाळू आणि पाणी आत ढासळायचं. तेव्हा ड्रेकने दहा-दहा फुटांचे बिडाचे नळ आणवले आणि ते ठोकून ठोकून बत्तीस फूट खाली, थेट खडकापर्यंत उतरवले. मग छिन्नी त्या नळाच्या आतून खाली सोडली.

मैत्रिणींनो, ओळखलंत ना? आपल्या शेतात बोअर मारतात तेव्हा वरच्या मुरमात जो पाईप घालतात, ज्याला आपण केसिंग म्हणतो, तीच ही गोष्ट. आमच्या गावात उन्हाळ्यात बोअरची गाडी आली की सगळं गाव भोवती उभं राहतं. केसिंगच्या फुटांचे पैसे वेगळे द्यावे लागतात म्हणून घरधनी तोंड वाकडं करतो. पण केसिंग नसेल तर बोअर बसते, हे आता शेंबडं पोरही सांगेल. ड्रेकला हे सुचलं, त्याने करून दाखवलं, आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. एवढं एक करायचं राहिलं.

खडक लागल्यावर दिवसाला तीन फूट अशी चाल. गावातले लोक हसत होते. कंपनीकडचे पैसे संपले. ड्रेकने गावातल्या दोन माणसांच्या जामिनावर पाचशे डॉलर कर्ज काढलं. शेवटी टाउनसेंड यांनी थोडे पैसे आणि एक पत्र पाठवलं की देणी भागवा, काम बंद करा आणि परत या. त्या काळी टपाल वाटेत कित्येक दिवस रेंगाळायचं. पत्र पोचायच्या आधीच, शनिवारी २७ ऑगस्ट १८५९ रोजी, साडेएकोणसत्तर फुटांवर छिन्नी एका फटीत सहा इंच घसरली. अवजारं काढून सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी रविवार, सुट्टी. बिलीकाका सहज बघायला आला, नळात डोकावला, तर वर काहीतरी काळं तरंगतंय. पत्र्याचं नळकांडं सोडून बघितलं, तेल!

साडेएकोणसत्तर फूट. आमच्याकडे पाचशे फुटांवर फुफाटा निघतो.

तेल निघालं पण ठेवायचं कशात? घरातलं कपडे धुवायचं टब आलं. व्हिस्कीची पिंपं आली. जे पिंप हाताशी होतं त्यात भरलं, आणि तेव्हापासून तेल पिंपानेच मोजायची रीत पडली. सुरुवातीला प्रत्येकाचं पिंप वेगळं. मग व्यापाऱ्यांनी ठरवून टाकलं की चाळीस गॅलन आणि वर सांडलवंड म्हणून दोन गॅलन, असं बेचाळीस गॅलनचं पिंप धरायचं. म्हणजे साधारण एकशे एकोणसाठ लिटर. आज टीव्हीवर कच्च्या तेलाचा भाव सांगतात तो याच पिंपाचा. वरचे दोन गॅलन आम्हांला फार आवडले. आम्ही मापं भरत होतो तेव्हा टँकरमधून येणारं तेल कधीच पुरेपूर भरायचं नाही, सांडलवंड आमच्या अंगावर, आणि कार्डधारकाला मात्र पूर्ण लिटर द्यायचं. ते मिटवायला आम्ही स्वतःच्या खिशातून पैसे घातलेत. सांडणाऱ्या तेलाचा हिशेब आधीच धरायचा असतो हे त्या लोकांना १८६६ साली कळलं होतं.

तेल लागून दीड महिना झाला नाही तोच, ऑक्टोबरमध्ये, बिलीकाका दिवा घेऊन तेलाच्या हौदात डोकावला. हौद पेटला, विहिरीवरचा सांगाडा जळाला, त्याचं घरही जळालं. ही तेलाची पहिली आग. पुढे मोजदाद राहिली नाही. १८६१ च्या एप्रिलमध्ये हेन्री राउज या माणसाच्या विहिरीतून तेलाचं कारंजं उडालं, वायू पेटला आणि डझनाहून जास्त माणसं गेली. राउज स्वतः मरता मरता मृत्युपत्र सांगत होता. आपली बरीचशी दौलत त्याने गरिबांसाठी आणि रस्त्यांसाठी ठेवली.

त्याच्याच नावाच्या राउजव्हिल वस्तीत एक छोटी मुलगी वाढत होती. आयडा टार्बेल. जन्म १८५७ चा. वडील सुतारकाम जाणणारे, त्यांनी तेल साठवायच्या मोठ्या लाकडी टाक्या बांधायचा धंदा सुरू केला. दारासमोर तेलाच्या विहिरींचे सांगाडे, पायाखाली तेलकट चिखल, झाडं काळी पडलेली. आयडाने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत एक प्रसंग आहे. शेजारच्या एका बाईला चूल पेटवायची घाई होती. तिने लाकडांवर तेल ओतलं. आत निखारा होता. भडका उडाला. तिला वाचवायला शेजारच्या दोघी धावल्या, आणि तिघीही जळून गेल्या. मोठ्यांनी मुलांना दूर ठेवलं होतं, पण आयडा गुपचूप त्या खोलीत जाऊन बघून आली, आणि पुढे कित्येक रात्री तिला झोप लागली नाही.

हे वाचलं तेव्हा आमच्या बैठकीत कुणी बोललं नाही. आमच्यातल्या प्रत्येकीला एकतरी बाई आठवली. वर्तमानपत्रात छापून यायचं, स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. त्यातले किती भडके खरंच स्टोव्हचे होते, ते त्या त्या घरातल्यांना माहीत. आम्ही तेल मोजून द्यायचो तेव्हा एक बाई कार्ड घेऊन यायची आणि म्हणायची, माझ्या हातात देऊ नका, मी सासूला पाठवते. आम्हांला वाटायचं, वासाचा कंटाळा असेल. तिच्या थोरल्या बहिणीचं काय झालं होतं ते आम्हांला फार उशिरा कळलं.

टायटसव्हिलकडे परत जाऊ. अडीचशेचं गाव पाच-सहा वर्षांत दहा हजारांचं झालं. भावाचं मात्र काय सांगावं! १८६० च्या सुरुवातीला पिंपाला अठरा-वीस डॉलर मिळत होते. ज्याला त्याला विहीर पाडायची घाई झाली, आणि १८६१ च्या अखेरीस भाव आला दहा सेंटवर. पिंपातल्या तेलापेक्षा रिकामं पिंप महाग. टोमॅटोचा क्रेट बाजारात नेण्याचं भाडंही सुटत नाही म्हणून रस्त्यावर ओतणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

जवळच पिटहोल नावाचं ठिकाण होतं. तिथली पहिली विहीर कुठे पाडायची ते हातात झाडाची फांदी धरून ठरवलं होतं. थोडक्यात पाणाड्याच. तो विषय आम्ही वाढवत नाही, कारण आमच्या गटात या मुद्द्यावर सरळ दोन तट आहेत. तिथे १८६५ च्या जानेवारीत तेल लागलं. मे महिन्यात शेतात रस्ते आखले. सप्टेंबरमध्ये वस्ती पंधरा हजार, पन्नासच्या वर हॉटेलं, नाटकगृह, वर्तमानपत्र. मग विहिरी आटल्या, आगी लागल्या. १८७० च्या शिरगणतीत तिथे दोनशे एक्याऐंशी माणसं उरली होती. आणि १८७८ साली ती सगळी जागा विकली गेली चार डॉलर सदतीस सेंटला. पंधरा हजारांचं शहर, पुरती पंधरा वर्षंही नाही. तिथलं एक मोठं हॉटेल आयडाच्या वडिलांनी सहाशे डॉलरला घेतलं, मोडलं, आणि त्याच्या लाकडाखिडक्यांनी टायटसव्हिलला आपलं घर बांधलं. त्या घराला एक मनोरा होता, तिथे आयडा सूक्ष्मदर्शक घेऊन बसायची.

आता खऱ्या भांडणाकडे येऊ. तेल काढणारे हजारो, पण ते बाहेर न्यायचं कसं? आधी घोडागाड्या होत्या आणि गाडीवाले मनाला येईल ते भाडं घ्यायचे. १८६५ साली सॅम्युएल व्हॅन सिकल याने पाच मैलांवर दोन इंची नळ टाकून तेल वाहून नेलं, तर गाडीवाल्यांनी रात्री नळ उखडले. पण शेवटी मोठी वाहतूक रेल्वेचीच. आणि दूर क्लीव्हलँड शहरात तेल शुद्ध करणारा एक व्यापारी होता, जॉन रॉकफेलर. १८७० साली त्याने स्टँडर्ड ऑइल कंपनी काढली.

१८७२ च्या फेब्रुवारीत एका रात्रीत रेल्वेचं भाडं जवळपास दुप्पट झालं, सगळ्यांसाठी. पण रॉकफेलर आणि काही बड्या व्यापाऱ्यांनी रेल्वेबरोबर गुपचूप करार केला होता. त्यांना भाड्यात मोठी सूट मिळणार. आणि एवढंच नाही, इतरांनी जे वाढीव भाडं भरायचं, त्यातलाही एक वाटा यांनाच मिळणार! समजा, तुम्ही डेअरीला दूध घालता. शेजारीणही घालते. तुमच्याकडून वाहतुकीचे दोन रुपये कापतात, तिच्याकडून एक. आणि तुमच्या दोनातले आठ आणे परत तिच्या खात्यावर जमा होतात. तुम्ही जितकं जास्त दूध घालाल, तितकी ती श्रीमंत.

बातमी फुटली आणि सगळा तेलपट्टा पेटला. टायटसव्हिलच्या नाटकगृहात तीन हजार लोक जमले. मोर्चे निघाले. त्र्याण्णव फूट लांबीचा अर्ज तयार झाला. सगळ्यांनी मिळून ठरवलं, या लोकांना तेल विकायचं नाही. आयडा तेव्हा चौदा वर्षांची होती, वडील रात्री सभेहून गंभीर चेहऱ्याने परत यायचे ते तिला आठवत होतं. काही आठवडे लोकांनी खरंच तेल अडवून धरलं. रेल्वे नमली, आणि एप्रिलमध्ये त्या गुप्त मंडळाचा परवाना सरकारने रद्द केला.

जिंकले असं वाटलं. पण तेवढ्या काळात तो करार दाखवून, घाबरवून, रॉकफेलरने क्लीव्हलँडमधल्या सव्वीसपैकी बावीस तेल-कारखाने विकत घेऊन टाकले होते. इकडे तेल काढणाऱ्यांनी आपसांत करार केले, नव्या विहिरी पाडायच्या नाहीत, ठरल्या भावाखाली द्यायचं नाही. एकही टिकला नाही. भाव जरा वर गेला की रात्रीतून कुणीतरी तेल काढायचा आणि विकायचा.

इथे आम्हांला आमची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे बोलणं खोटं होईल. तीन गटांनी मिळून एका वर्षी ठरवलं होतं, फोडलेली चिंच एकत्र विकायची, ठरल्या दराखाली एक किलोही द्यायची नाही. ठराव झाला, सह्या-अंगठे झाले. दहाव्या दिवशी एक व्यापारी आला. तो गटाशी बोललाच नाही. तो घरोघर गेला आणि किलोला दोन रुपये जास्त देतो म्हणाला, फक्त आज. कुणाच्या घरी फी भरायची होती, कुणाकडे दुखणं होतं. पाचजणींनी माल दिला. दुसऱ्या दिवशी त्याने दर तीन रुपयांनी उतरवला आणि बाकीच्यांना तोच घ्यावा लागला. पाचजणींत कोण होत्या, ते आम्ही रेडिओवर सांगत नाही. पण ‘आम्ही’ म्हणतो तेव्हा त्याही त्यात आहेत, आणि आजही गटात आहेत. त्यांना काढायचं का यावर एक अख्खी बैठक भांडणात गेली होती. आमच्यातल्या काहींचं मत अजून वेगळं आहे.

आयडाचं पुढे काय झालं? ती अ‍ॅलेगनी कॉलेजात गेली तेव्हा पहिल्या वर्गात ती एकटी मुलगी होती. १८८० ला पदवी घेतली. मासिकांत नोकरी केली. वडिलांचा धंदा बसला, त्यांच्या भागीदाराने आत्महत्या केली, वडिलांना घर गहाण टाकावं लागलं. आणि १९०२ साली मॅक्लुअर्स नावाच्या मासिकात तिने स्टँडर्ड ऑइलचा इतिहास लिहायला घेतला. वडील म्हणाले, यात पडू नकोस. ती पडली. तिने शिव्या दिल्या नाहीत. कोर्टातल्या साक्षी, रेल्वेचे कागद, भाड्याचे तक्ते, चौकशीचे अहवाल, जे कागद लोकांनी धूळ खात टाकले होते ते एकेक वाचले. एकोणीस भाग छापून आले आणि १९०४ साली दोन खंडांचं पुस्तक झालं. पुढच्याच वर्षी तिचे वडील वारले. १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइल मोडून तिच्या चौतीस कंपन्या करायला लावल्या. एका बाईच्या लिहिण्याने सगळं झालं असं आम्ही म्हणणार नाही, खटला सरकारने चालवला. पण लोकांना समजेल अशा भाषेत हिशेब मांडला तो तिने.

तिला माहिती देणारा मोठा माणूस कोण, माहितीये? स्टँडर्ड ऑइलचाच एक बडा अधिकारी, हेन्री रॉजर्स. दोघं पहिल्यांदा भेटले तेव्हा बोलता बोलता निघालं की तरुणपणी रॉजर्स राउजव्हिलजवळच राहत होता, टार्बेलांच्या घराच्या समोरच्या टेकडीवर. तेलाच्या चिखलातले शेजारी!

ड्रेकचं सांगायचं राहिलं. विहीर लागल्यावर तो काही वर्षं टायटसव्हिलला राहिला, मग न्यूयॉर्कला जाऊन तेलाच्या शेअरांत सगळे पैसे घालवून बसला. पाठीच्या दुखण्याने अंथरुण धरलं, घरात खायची भ्रांत. टायटसव्हिलच्या लोकांनी वर्गणी काढून मदत पाठवली. १८७३ साली पेनसिल्व्हानिया सरकारने त्याला वर्षाला दीड हजार डॉलर बांधून दिले, म्हणून म्हातारपण निभलं. १८८० साली तो गेला, दुसऱ्याच गावी. वीस-बावीस वर्षांनी त्याच्या अस्थी टायटसव्हिलला आणून पुरल्या आणि तिथे मोठं स्मारक उभं केलं, मधोमध हातोडा उगारलेल्या खोदणाऱ्याचा ब्राँझचा पुतळा. त्याचा खर्च करणाऱ्याने आपलं नाव गुप्त ठेवलं होतं. तोही हेन्री रॉजर्सच.

हे तेल आपल्यापर्यंत आलं ते जहाजातून. लाकडी खोक्यात पाच-पाच गॅलनचे दोन चौकोनी पत्र्याचे डबे, अशी ती बांधणी. तेल संपायचं, डबा राहायचा. त्यात पाणी तापवलं, धान्य ठेवलं, कापून छपराला लावला. आमच्या मावशींच्या माहेरी असा एक डबा तुळशीला होता. आपल्या देशात आसाममध्ये दिग्बोईला १८८९-९० च्या सुमारास विहीर लागली आणि १९०१ साली तिथे तेल शुद्ध करायचा कारखाना सुरू झाला. आपल्या मुंबईसमोरच्या समुद्रात तेल सापडलं ते १९७४ साली, सागर सम्राट या रिगने खोदलं तेव्हा.

टायटसव्हिलच्या त्या पहिल्या विहिरीच्या जागी आता संग्रहालय आहे. लाकडी सांगाडा आणि इंजिनघर परत जुन्यासारखं बांधलंय.

आमचं माप आम्ही परत कपाटात ठेवलं. नरसाळं मात्र बाहेर काढलं, गटाने फिनेल करायला घेतलंय, बाटल्या भरायला ते उपयोगी पडतं. तीन वेळा धुतलं तरी त्याला अजून रॉकेलचा वास येतो. फिनेलमध्ये तो कळत नाही, असं हिशेबनीसबाईंचं म्हणणं आहे. चिंचेचा मोसम जवळ आलाय, तिन्ही गटांची एकत्र बैठक या रविवारी दुपारी दोन वाजता शाळेच्या ओट्यावर आहे. जास्त दर घेऊन कुणी दाराशी आलंच, तर त्या बैठकीत येऊन सांगा.